जुन्या सर्व्हरवर नवा पायथन प्रोग्राम: न तुटता चालवायचा कसा

मार्च २०२३ चा शेवटचा शनिवार. एका पतसंस्थेच्या कार्यालयात मी पेनड्राइव्ह घेऊन बसलो होतो. ठेवींवरच्या व्याजाचे दाखले काढणारा माझा छोटा पायथन प्रोग्राम तिथे तीन वर्षं चालत होता. मार्चअखेर म्हणून नवीन फाइल घेऊन गेलो. चालवली, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: 'जीलिबसी २.३५ सापडली नाही'. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरच्या प्रोग्रामांना रोजची मूलभूत कामं करून देणारी सामायिक लायब्ररी. प्रोग्राममध्ये मी जवळजवळ काहीच बदललं नव्हतं, बदलला होता तो माझा लॅपटॉप. आधी मी फाइल त्यांच्याच एका जुन्या मशीनवर, सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर बनवायचो. या वेळी घरी, उबुंटू २२.०४ या नव्या लिनक्सवर बनवली होती.

व्यवस्थापक मागे उभे होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "साहेब, सोमवारी सभासद दाखल्यांसाठी रांग लावतील, होईल ना?" झालं, पण दोन रात्री गेल्या. त्या दोन रात्रींत आणि पुढच्या दोन वर्षांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. तुम्ही पहिल्यांदाच एखादा प्रोग्राम दुसऱ्याच्या, जुन्या पण नीट चालणाऱ्या लिनक्स सर्व्हरवर बसवणार असाल, तर हे आधी वाचून जा.

सुरुवातीला काय हाताशी हवं

- समोरच्या सर्व्हरची माहिती: लिनक्सचं नाव आणि व्हर्जन, जीलिबसीचं व्हर्जन, पायथन, ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणीची लायब्ररी)
- त्या सर्व्हरवर इंटरनेट आहे का आणि रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड कोणाकडे आहे, याचं उत्तर
- तुमच्या मशीनवर पॉडमन किंवा डॉकर: कंटेनर, म्हणजे मशीनच्या आत दुसऱ्या लिनक्सची वेगळी खोली, चालवणारं साधन
- प्रोजेक्टची 'पायप्रोजेक्ट डॉट टॉमल' फाइल, म्हणजे प्रोग्रामची माहिती आणि त्याला लागणाऱ्या पॅकेजांची यादी
- एक लॉक फाइल (प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन नोंदवणारी) बनवणारं साधन. मी यूव्ही वापरतो, पिप-टूल्सही चालेल

१. आधी समोरचं मशीन ओळखा

फोनवर "लिनक्स आहे, लेटेस्ट आहे" असं उत्तर मिळालं तर त्यावर थांबू नका. स्वतः टर्मिनल उघडून चार गोष्टी बघा. 'इटीसी' फोल्डरमधली 'ओएस-रिलीज' फाइल वाचली की लिनक्सचं नाव-व्हर्जन कळतं. 'एलडीडी' कमांडला व्हर्जन विचारलं की पहिल्याच ओळीत जीलिबसीचा आकडा येतो. पायथनचं व्हर्जन विचारा. आणि पायथनमधून एसएसएल मॉड्यूल इम्पोर्ट करून ते कोणत्या ओपनएसएसएलवर बांधलं आहे ते छापून घ्या. ही चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात.

भारतात आजही जागोजागी दिसणाऱ्या सिस्टिम्सचे आकडे माझ्या वहीत असे आहेत: सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी २.१७ आणि ओपनएसएसएल १.०.२. रेड हॅट ८ आणि तिच्याशी जुळणाऱ्या अल्मालिनक्स, रॉकी यांत जीलिबसी २.२८, पायथन ३.६. रेड हॅट ९ मध्ये २.३४ आणि पायथन ३.९. उबुंटू २०.०४ मध्ये २.३१ आणि ३.८, तर २२.०४ मध्ये २.३५ आणि ३.१०. डेबियन ११ मध्ये २.३१ आणि ३.९, डेबियन १२ मध्ये २.३६ आणि ३.११.

इथला सापळा: व्हर्जनचा आकडा जुना दिसला म्हणून सर्व्हर असुरक्षित आहे असं समजू नका. रेड हॅट, डेबियन, उबुंटू हे सगळे सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्याच व्हर्जनमध्ये आणून बसवतात, वरचा आकडा तोच राहतो. म्हणून खरा प्रश्न असा विचारायचा: या सिस्टिमला दुरुस्त्या अजून मिळतात का? सेंटओएस ७ ला ३० जून २०२४ नंतर त्या मिळणं बंद झालं. तशी सिस्टिम दिसली तर तुमचा प्रोग्राम बाजूला ठेवून आधी मालकाशी त्याबद्दल बोला. पण ज्या सिस्टिमला आधार चालू आहे, ती 'जुनी' नाही, 'स्थिर' आहे. तिच्या मालकाने ती मुद्दाम तशी ठेवली आहे. पतसंस्थेत मार्च महिन्यात कोणी सर्व्हर अपग्रेड करत नाही, आणि ते बरोबरच आहे.

२. सिस्टिमच्या पायथनला हात लावू नका

हे मी क्रमांक दोनवर ठेवलं आहे, कारण घाईत सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. सेंटओएस ७ वर पॅकेज बसवणारं 'यम' स्वतः पायथन २.७ वर चालतं. कोणीतरी इंटरनेटवर वाचून 'पायथन' या नावाची लिंक ३ कडे वळवतं, आणि त्या क्षणापासून यम बंद. उबुंटूवरही 'पायथन ३' ची लिंक नव्या व्हर्जनकडे वळवली की एपीटीशी, म्हणजे तिथल्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाशी, जोडलेली साधनं कोलमडतात.

जीलिबसीच्या वाटेला तर मुळीच जाऊ नका. मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर उभा असतो. ती हाताने बदलताना चूक झाली तर साधी फाइल-यादी दाखवणारी कमांडसुद्धा चालत नाही, आणि मग दुरुस्ती करायलाही काही हाताशी उरत नाही.

तुमचं सगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या पायथनपासून वेगळ्या 'व्हीएन्व्ह' फोल्डरमध्ये ठेवा. डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनवर पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने) थेट काही बसवायला गेलात तर 'हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून सांभाळलं जातं' अशा अर्थाची एरर येते. ती टाळण्यासाठी 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' असा एक पर्याय आहे. त्याच्या नावातच त्याचं काम लिहिलेलं आहे. तो वापरू नका.

३. तळ ठरवा आणि लिहून ठेवा

तळ म्हणजे ज्याच्या खाली आपण उतरणार नाही ते व्हर्जन. तो ठरवला नाही तर तो आपोआप वर सरकत राहतो, आणि तुम्हाला कळतं ते ग्राहकाच्या कार्यालयात.

इथे दोन घड्याळं वेगळ्या वेगाने चालतात. पायथनचं नवं व्हर्जन दर वर्षी ऑक्टोबरमध्ये येतं आणि त्याला साधारण पाच वर्षं आधार असतो. रेड हॅटच्या एका व्हर्जनला दहा वर्षं. त्यामुळे पायथन ३.६ ला मूळ प्रकल्पाने डिसेंबर २०२१ मध्ये निरोप दिला, पण रेड हॅट ८ वर तेच ३.६ २०२९ पर्यंत राहणार. तिकडे वैज्ञानिक गणनेची पॅकेजं आणखी घाईत असतात: 'स्पेक शून्य' या त्यांच्या सामायिक धोरणानुसार पायथनचं व्हर्जन तीन वर्षांनी आणि मुख्य पॅकेजांची व्हर्जनं दोन वर्षांनी सोडली जातात. तुमच्या प्रोग्राममध्ये नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज) असेल तर ही गती तुम्हाला आपोआप लागू होते.

मग ३.६ वर अडकून राहायचं का? नाही. जुनी सिस्टिम म्हणजे जुना पायथन, हे समीकरणच चुकीचं आहे. रेड हॅट ८ च्या स्वतःच्या भांडारात ३.९, ३.११ आणि ३.१२ सुद्धा मिळतात. ते सिस्टिमच्या पायथनशेजारी वेगळे बसतात, यम किंवा त्याच्या जागी आलेल्या डीएनएफला धक्का लागत नाही. मालकाच्या परवानगीने त्यातलं एक बसवून घ्या आणि त्यावर व्हीएन्व्ह करा. मला हे उशिरा कळलं. त्याआधी एक अख्खा महिना मी ३.६ साठी कोड मागे नेण्यात घालवला.

तर तळ तीन आकड्यांत लिहा: पायथन किती, जीलिबसी किती, ओपनएसएसएल किती. शेजारी कारण लिहा, 'अमुक ग्राहकाकडे रेड हॅट ८ आहे' असं. आणि पुन्हा कधी बघायचं ती तारीखही. माझी तारीख दर वर्षीचा एप्रिल, मार्चअखेर आटोपल्यावरची.

४. डिपेंडन्सीच्या मर्यादा खऱ्या लिहा

डिपेंडन्सी म्हणजे आपल्या प्रोग्रामला लागणारं दुसऱ्याचं पॅकेज. 'पायप्रोजेक्ट डॉट टॉमल'मध्ये 'रिक्वायर्स-पायथन' नावाची नोंद असते. तिथे तळाचं व्हर्जन लिहा. पिप ही नोंद वाचतं: तुम्ही उद्या तळ ३.९ वरून ३.११ केलात, तर ३.९ वाल्या माणसाला पिप आपोआप तुमचं मागचं, त्याला चालणारं व्हर्जन देतं. एका ओळीत किती लोकांचा त्रास वाचतो बघा.

पण त्याच नोंदीत वरची मर्यादा, म्हणजे '३.१३ पेक्षा कमी' असं काही, लायब्ररीत घालू नका. पिप मग ३.१३ वाल्यासाठी मागे मागे जात ही मर्यादा नसलेलं एखादं जुनं व्हर्जन शोधतं आणि तेच बसवतं. अडवायला गेलात आणि त्याच्या हाती तुमचा जुनाच कोड पडला, असं होतं.

लायब्ररी आणि ॲप्लिकेशन यांत इथे फरक करा. लायब्ररी दुसऱ्याच्या घरात राहायला जाते, तिच्या अटी सैल हव्यात: खालची मर्यादा द्या, वर मोकळं सोडा. ॲप्लिकेशन स्वतःच्या घरात राहतं, तिथे लॉक फाइल ठेवून प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन बांधा.

बांधायचं कारण सांगतो. एप्रिल २०२३ मध्ये युआरएललिब३ या पॅकेजचं २.० आलं आणि त्याने ओपनएसएसएल १.१.१ च्या खाली आधार बंद केला. माझ्या प्रोग्रामच्या यादीत युआरएललिब३ हे नावच नव्हतं. मी एसएमएस पाठवायला 'रिक्वेस्ट्स' वापरत होतो आणि ते मागच्या दाराने युआरएललिब३ घेऊन येत होतं. जूनमध्ये नवीन फाइल बांधली आणि सेंटओएस ७ वर प्रोग्राम सुरूच होईना. उपाय एका ओळीचा होता: युआरएललिब३ दोनच्या खाली ठेवा. शोधायला मात्र अर्धा दिवस लागला. आपण लिहिलेली डिपेंडन्सी आपल्याला माहीत असते. तुटतं ते बहुतेक वेळा तिच्या डिपेंडन्सीपाशी. लॉक फाइलमध्ये ती सगळी नावं डोळ्यांसमोर येतात.

इथला सापळा: यामल फाइलमध्ये (सेटिंग्ज लिहायच्या एका प्रकारच्या फाइलमध्ये) चाचणीसाठी पायथनची व्हर्जनं लिहिताना ३.१० अवतरणचिन्हांत लिहा. नाहीतर यामल त्याला दशांश अपूर्णांक समजतं, शेवटचं शून्य टाकून देतं आणि तुमची चाचणी ३.१ शोधत बसते.

५. नव्या सोयी हव्यात, पण एकाच दारातून

तळ ३.९ ठेवला म्हणजे नवं काहीच वापरायचं नाही असं नाही. टॉमल वाचणारं 'टॉमललिब' पायथनमध्ये ३.११ पासून आलं. त्याच्या खालच्यांसाठी 'टॉमली' नावाचं तसंच पॅकेज आहे. डिपेंडन्सीच्या यादीत टॉमलीपुढे 'पायथन ३.११ पेक्षा कमी असेल तरच' अशी अट जोडता येते. मग नव्या मशीनवर ते बसतच नाही.

कोडमध्ये मात्र 'हे नसेल तर ते' असली जोडणी दहा फाइल्समध्ये पसरवू नका. एकच फाइल करा, माझ्याकडे तिचं नाव 'जुळवणी' आहे. सगळे असे इम्पोर्ट तिथे, प्रत्येकावर एक टिप्पणी: 'तळ ३.११ झाला की हे काढा'. पुढे तळ वर नेला की ती फाइल उघडायची आणि ओळी खोडत जायच्या. इतकं समाधान देणारं काम आमच्या धंद्यात फार कमी आहे.

भाषेच्या व्याकरणातली नवी गोष्ट अशी झाकता येत नाही. ३.१० मधलं 'मॅच' विधान ३.९ वर इम्पोर्टच्या आधीच, फाइल वाचतानाच अडतं. तिथे थांबावंच लागतं.

६. बांधायचं जुन्यावर

माझ्या त्या शनिवारचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जीलिबसीमधल्या प्रत्येक फंक्शनवर व्हर्जनचा शिक्का असतो. तुम्ही नव्या मशीनवर प्रोग्राम बांधता तेव्हा त्या मशीनवरचा सगळ्यात नवा शिक्का त्यात उमटतो. जुन्या जीलिबसीकडे तो शिक्का नसतो, म्हणून ती नकार देते. उलट जुन्या मशीनवर बांधलेला प्रोग्राम नव्या जीलिबसीवर चालतो, कारण ती जुने शिक्के जपून ठेवते. वाट एकेरी आहे.

"पण मी नवीन काही वापरलंच नाही" असं वाटेल. वापरावं लागत नाही. जीलिबसी २.३४ मध्ये थ्रेड्सची (एका प्रोग्राममध्ये एकाच वेळी अनेक कामं चालवण्याची) वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत मिसळली गेली, आणि साधा थ्रेड सुरू करणाऱ्या फंक्शनलाही २.३४ चा नवा शिक्का मिळाला. तेवढ्यानेही प्रोग्राम २.३४ मागायला लागतो.

पायथन आणि प्रोग्राम एकत्र बांधणाऱ्या पायइन्स्टॉलरने एक फाइल बनवत असाल तर लक्षात घ्या, तो जीलिबसी बरोबर देत नाही. म्हणून तळाच्या सिस्टिमचा कंटेनर उघडा (रेड हॅट ८ साठी अल्मालिनक्स ८ चा) आणि त्याच्या आत फाइल बांधा. त्या रात्री मी सेंटओएस ७ च्या कंटेनरमध्ये पायथन ३.९ बांधून घेतला. ३.९ च का? ३.१० पासून पायथनला ओपनएसएसएल १.१.१ लागतं आणि सेंटओएस ७ कडे १.०.२ होतं. पहिल्या रात्री मी ३.१० घेऊनच झगडत बसलो होतो. पायरी १ मधला चौथा आकडा आधी बघितला असता तर ती रात्र वाचली असती.

सी किंवा रस्टमधले भाग असलेली लायब्ररी पायपीआयवर, म्हणजे पायथनच्या सार्वजनिक पॅकेज भांडारात, टाकत असाल तर 'मेनीलिनक्स' नावाचे तयार कंटेनर वापरा. 'मेनीलिनक्स २०१४' म्हणजे जीलिबसी २.१७ चा तळ. 'मेनीलिनक्स २_२८' चा अर्थ नावातच आहे. तयार झालेलं व्हील (थेट बसवता येणारी पॅकेज फाइल) 'ऑडिटव्हील' या साधनाला दाखवा, ते किती खालपर्यंत चालेल हे तो सांगतो. अल्पाइन लिनक्सवर मात्र यातलं काही लागू होत नाही, तिथे जीलिबसीऐवजी मसल ही दुसरी लायब्ररी आहे आणि व्हीलही वेगळं लागतं.

इथला सापळा: कंटेनरमध्ये सगळं असतं, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नसतो. तो खालच्या मशीनचाच. आणि सर्व्हरवरचं डॉकर २०.१०.१० पेक्षा जुनं असेल तर उबुंटू २२.०४ सारख्या नव्या इमेजमध्ये थ्रेड सुरू न होण्याची विचित्र एरर येते, कारण नवी जीलिबसी वापरते तो 'क्लोन३' हा सिस्टिम कॉल जुनं डॉकर चुकीच्या उत्तराने अडवतं. कोडमध्ये दोष शोधत बसू नका, डॉकरचं व्हर्जन बघा.

७. इंटरनेट नसलेला सर्व्हर

पतसंस्था, कारखाने, सरकारी कार्यालयं: इथले सर्व्हर बऱ्याचदा बाहेरच्या जगाशी जोडलेले नसतात. पॅकेजं पेनड्राइव्हवरूनच न्यावी लागतात. आपल्या लॅपटॉपवर 'पिप डाउनलोड' केलं तर ते लॅपटॉपच्या पायथनसाठी व्हील आणतं, सर्व्हरच्या नाही. त्याला प्लॅटफॉर्म, पायथनचं व्हर्जन आणि 'फक्त तयार व्हील' असे पर्याय देता येतात, पण त्यातही एक खड्डा आहे. पायरी ५ मधली 'पायथन ३.११ पेक्षा कमी असेल तरच' ही अट पिप तुमच्या लॅपटॉपच्या पायथनवर तपासतं. लॅपटॉपवर ३.१२ असेल तर टॉमली पेनड्राइव्हवर येतच नाही, आणि ते समजतं तुम्ही साठ किलोमीटर एसटीने गेल्यावर.

म्हणून साधी पद्धत: सर्व्हरसारखाच कंटेनर, त्यात तेच पायथन, त्याच्या आत डाउनलोड. मग दुसरा कोरा कंटेनर नेटवर्क बंद ठेवून सुरू करा आणि त्या फोल्डरमधून बसवून बघा. तो बसला तरच पेनड्राइव्ह काढा.

८. दोन्ही टोकं तपासा

प्रत्येक बदलानंतर दोन चाचण्या हव्यात. पहिली तळावर: सगळ्यात जुनं पायथन आणि प्रत्येक डिपेंडन्सीचं तुम्ही लिहिलेलं किमान व्हर्जन. यूव्हीला 'रिझोल्यूशन' पर्यायात 'लोएस्ट-डायरेक्ट' सांगितलं की ते तुमच्या थेट डिपेंडन्सीची किमान व्हर्जनं बसवतं. पहिल्यांदा चालवलंत की बहुधा कळेल, यादीत लिहिलेला किमान आकडा कोणी कधी तपासलेलाच नव्हता. माझ्या यादीतले तीन आकडे खोटे निघाले.

दुसरी शेंड्यावर: नवीन पायथन, सगळी पॅकेजं ताजी. ही आठवड्यातून एकदा आपोआप चालू द्या, तुम्ही कोडला हात लावला नसला तरीही. पायथन ३.१२ ने 'डिस्टयुटिल्स' काढून टाकलं किंवा जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं, तेव्हा ज्यांची अशी चाचणी चालू होती त्यांना आधी कळलं. मधली व्हर्जनं मी रोज तपासत नाही.

सेंटओएस ७ चा कंटेनर अजून लागत असेल तर त्याची नेहमीची भांडारं बंद झाली आहेत. यमच्या सेटिंगमध्ये पत्ता बदलून 'व्हॉल्ट' या संग्रहाकडे वळवावा लागतो.

९. आधार काढताना

कधीतरी तळ वर न्यावा लागतो. कसा न्यायचा याचं उदाहरण सगळ्यांसमोर घडलं आहे. २०२४ च्या सुरुवातीला व्हीएस कोडच्या १.८६ ने दूरच्या सर्व्हरसाठी जीलिबसी २.२८ ची अट आणली. सेंटओएस ७ आणि उबुंटू १८.०४ वर काम करणाऱ्यांचं काम एका अपडेटने थांबलं. इतक्या तक्रारी आल्या की काही दिवसांतच जुना आधार परत आणावा लागला आणि तो प्रत्यक्षात संपला मार्च २०२५ च्या १.९९ मध्ये. वर्षभराची मुदत आधीच देता आली असती.

माझा क्रम असा: सहा महिने आधी प्रोग्राम सुरू होताना एक ओळ दाखवायची, 'या सिस्टिमचा आधार अमुक तारखेला संपेल'. वापरणाऱ्यांना फोन किंवा पत्र, कारण ती ओळ कोणी वाचत नाही. मग शेवटचं चालणारं व्हर्जन नीट बांधून, व्हील्ससकट एका फोल्डरमध्ये जपून ठेवायचं. त्यानंतरच 'रिक्वायर्स-पायथन' वर न्यायचं. आणि हे व्हर्जनच्या मोठ्या आकड्याच्या वेळी करायचं, छोट्या दुरुस्तीच्या पोटात लपवून नाही.

पतसंस्थेला मी डिसेंबर २०२३ मध्ये पत्र दिलं: जून २०२४ नंतर तुमच्या सर्व्हरला दुरुस्त्या मिळणार नाहीत, नवीन यंत्र मार्चअखेर झाल्यावर घ्या. संचालक मंडळाच्या बैठकीत ते वाचलं गेलं आणि मे महिन्यात अल्मालिनक्स ९ चं नवं मशीन आलं. सेंटओएस ७ च्या कंटेनरमध्ये बांधलेली जुनी फाइल त्याच्यावर पहिल्याच फटक्यात चालली. ती आठवडाभर तशीच चालू ठेवली, शेजारी पायथन ३.११ वर नवी बसवली, दोन्हींचे दाखले एकमेकांशी ताडून पाहिले, आणि मग जुनी काढली. 'जुळवणी' फाइलमधल्या एकोणीस ओळी त्याच संध्याकाळी खोडल्या.